हेन्डरसनचे घर सुनेला देण्याबाबत

मी, लीला मुकुंद तळवडेकर, वय सत्त्याहत्तर, राहणार हेन्डरसन, ऑकलंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण सहीला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून कोणी लिहवूनही घेतलेले नाही. याआधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुलाला दिले होते. ते आजपासून रद्द समजावे.

वकीलबाई श्रुती यांनी सांगितले, इथे मुलगा कोर्टात जाऊन 'मला का डावलले' असे विचारू शकतो, म्हणून कारणे लिहून ठेवा. त्यांना दोन ओळी हव्या होत्या. दोन ओळींत मावण्यासारखे असते तर मी त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढलेच नसते. इंग्रजी भाषांतर त्या सोबत जोडतील.

१. माझी माणसे. मुलगा शिरीष. सून मनाली, नाशिकहून इथे शिकायला आली, शिकली, नोकरीला लागली आणि मग आमच्या घरात आली. नात ईशा, जिला मराठी सगळे कळते आणि उत्तर मात्र इंग्रजीत येते. शिरीषवर कोर्टाची प्रोटेक्शन ऑर्डर आहे. त्याला या घरापाशी फिरकता येत नाही, तो शहरात वेगळा राहतो. मनाली आणि ईशा माझ्याजवळ राहतात.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुकुंदरावांचे बेकरीतले जुने सोबती नागसेन यांनी करावी. ते आमच्या नात्यातले नाहीत, जातीतले नाहीत, इथल्या मराठी मंडळातलेही नाहीत. म्हणूनच निवडले. त्यांना कोणी 'तुम्ही तरी समजून घ्या' म्हणणार नाही.

३. हेन्डरसनचे राहते घर, मागच्या शेडसकट आणि लिंबाच्या झाडासकट, मी सून मनाली हिला देते. तिच्या एकटीच्या नावे. ती शिरीषपासून कायद्याने वेगळी झाली, दुसरे लग्न केले, तरी घर तिचेच. घर तिने विकले तरी माझी हरकत नाही.

हे घर माझे आहे. मुकुंदरावांनी बेकरीत पहाटपाळ्या केल्या आणि मी सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानामागच्या खोलीत ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले, त्यातून ते उभे राहिले. जुन्या कागदाप्रमाणे मी डोळे मिटले की ते शिरीषचे होणार, आणि मग मनालीने कुठे जायचे. भाड्याने जाईल, असे लोक म्हणतात. मला भीती वेगळीच आहे. पोरीची शाळा सुटू नये म्हणून ती याच घरात, त्याच्याबरोबर, परत राहायला तयार होईल. ते होऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा कागद.

४. कारणे. मारणे शेवटी आले. आधी पावत्या आल्या. मनाली सँडरिंगहॅमला भाजीला गेली की शिरीष पावतीवरची वेळ बघायचा, गाडीचे किलोमीटर बघायचा. पगार त्याच्या खात्यात. पासपोर्ट 'हरवेल म्हणून' त्याच्या कपाटात. नाशिकच्या आईशी फोन झाला की काय बोललीस ते त्याला सांगायचे. हे सगळे इतक्या हळू आवाजात चालायचे की पाहुण्यांना वाटावे, किती काळजी घेतो. मलाही बरेच दिवस तसेच वाटले.

लोक म्हणतात, ऑफिसात टेन्शन आहे, रागावर ताबा राहत नाही. त्याच्या ऑफिसात साहेब आहे, बायका आहेत, चुका होतच असतील. तिथे त्याने कधी कप आपटला नाही. ट्रॅफिकमध्ये कोणी आडवा आला तर हसून 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे चालायचंच, म्हणतो. ज्या रागाला घराचा पत्ता बरोबर सापडतो, त्याला ताबा सुटला म्हणत नाहीत. मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांचे मत असे की हे बापाकडून येते. मुकुंदरावांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, ही गोष्ट मी इथे लिहून ठेवते. गेलेल्या माणसावर ढकलणे सोपे असते.

५. राजाभाऊंचा विषय निघालाच आहे. मंडळाकडे माझा मोठा पितळी टोप आहे, गणपतीच्या प्रसादाला दिलेला. तो परत आणून माझ्याकडे शिवण शिकलेल्या सिद्धीला द्यावा. माझे शिलाई मशीन आणि ओव्हरलॉकही तिलाच. टोप परत का मागते, तेही सांगते.

मनालीने पहिल्यांदा तोंड उघडले तेव्हा घरातले घरात मिटवायला बैठक बसली. आमच्यात तशी रीत आहे. राजाभाऊ आणि मंडळातली वडीलधारी माणसे आमच्या लाउंजमध्ये जमली. मनालीला चहा टाकायला सांगितले. गाऱ्हाणे जिचे, ती आत कपबशा लावतेय आणि निवाडा बाहेर चाललाय. शिरीष मान खाली घालून बसला होता. राजाभाऊ म्हणाले, आईच्या पाया पड आणि विषय संपव. तो उठून माझ्यापाशी वाकला. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"माझी कशाला माफी मागतोस? मला कुठे मारलंस? ती आत आहे."

"वहिनी, आता पोराला बायकोच्या पाया पडायला लावता का?" राजाभाऊ म्हणाले.

"पाया नको. तिच्यासमोर उभं करा आणि काय केलंस ते बोलायला लावा. तेवढं पुरे."

कोणी उभे केले नाही. शिरीष उरलेल्या सगळ्यांच्या पाया पडला, एकेकाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. मनाली ट्रे घेऊन आली तेव्हा तिला कळवण्यात आले की मिटले. जाताना एक बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, जरा नमतं घे गं. पुढे कितीतरी दिवस मंडळात एकच बोलणे, लीलाबाईंनी चारचौघांत पोराचा अपमान केला. मनालीच्या दंडावरच्या वळांना कोणी अपमान म्हटले नाही. टोप परत हवा तो यासाठी.

६. दागिने. माझ्या पाटल्या ईशाला. मनालीचे लग्नातले दागिने शिरीषने बँकेत आपल्या नावावर ठेवले आहेत. ते माझे नाहीत, म्हणून मी ते देऊही शकत नाही. ते तिचे आहेत. नागसेन यांनी वकीलबाईंमार्फत मागून घ्यावेत.

७. बँकेतली शिल्लक ईशाच्या शिक्षणाला. तिने काय शिकावे यावर कोणी बैठक घेऊ नये.

८. अंत्यविधी. विजेच्या दाहिनीत, थोडक्यात. बटण मनालीने दाबावे. शिरीषने यायचे की नाही, हे कोर्टाची ऑर्डर पाहून मनालीने ठरवावे. 'मुलाशिवाय कसं होणार' असे जे म्हणतील, त्यांना नागसेन यांनी बाहेर खुर्ची आणि गार पाणी द्यावे.

९. शिरीष, हे कलम तुझे.

वडिलांची पेटी तुला ठेवली आहे. तू मांडीवर बसून तिचा भाता ओढायचास आणि ते सूर धरायचे. तो मुलगा मी विसरलेले नाही. त्याच्यासाठी रोज जीव तुटतो.

पोलिसांना मनालीने बोलावले, असे तू सगळ्यांना सांगतोस. फोन मी केला. राजाभाऊंना मी हे कितीदा सांगितले, ते म्हणतात, सासू सुनेवर पांघरूण घालते. आई मुलावर पोलीस बोलावते, हे त्यांच्या गळी उतरत नाही. म्हणून इथे सहीनिशी लिहिते. शनिवारची दुपार होती. ईशा पोहून आली होती, ओल्या टॉग्जमध्ये, पोहायच्या कपड्यांतच, दारात उभी. तू मनालीचे केस धरून तिला पॅन्ट्रीच्या दारावर दाबले होतेस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "आई, तू टीव्ही बघ." मी बाहेरच्या खोलीत गेले आणि फोन लावला. पलीकडच्या बाईने विचारले, कोण मारतंय. "माझा मुलगा," मी सांगितले. तिने तुझे नाव विचारले. बारशाला ठेवलेले नाव मी तिला सांगितले. तेव्हा राग धरायचा असेल तर माझ्यावर धर. मनालीचा त्यात हात नव्हता.

घरात हात उगारणाऱ्या पुरुषांचा जो वर्ग कोर्टाने लावला होता, तो तू अर्ध्यावर सोडलास. तो पुरा कर. घर मिळावे म्हणून करू नकोस, घर आता मिळणार नाही.

आणि तुला हे मृत्युपत्र मोडायचे असेल तर तो तुझा हक्क आहे, जा कोर्टात. या कागदावर मी थोडेच लिहिले आहे. आई आहे, हात थांबतो. तू कोर्टात गेलास तर राहिलेले सगळे मनालीने तिथे उभे राहून सांगावे, अशी माझी तिला विनंती आहे.

लिहिलेले वाचून पाहिले, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, चहा तेवढा मिळाला.

सही: लीला मुकुंद तळवडेकर

साक्षीदार: १. सुयश पाठारे, फार्मासिस्ट, हेन्डरसन
२. अरोहा विल्सन, शेजारीण, हेन्डरसन

स्थळ: हेन्डरसन, ऑकलंड
दिनांक: १४ मार्च २०२५