बारा मिनिटं पुढे

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. नवी वही, समास आखलेला.
कारण : रामघाटावरच्या पाठशाळेचं पत्र आलं. ऑफिसात सहायक हवा आहे. शुक्रवारी २८ तारखेला बरोबर दहाला भेटायला बोलावलंय. 'वेळेची शिस्त असलेला' या शब्दांखाली रेघ मारली आहे. बी.कॉम. दुसऱ्या वर्षीच सुटलं, त्यामुळे माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पण शिस्त आहे. आईने गणपतीला एकवीस मोदक बोलले. मी म्हटलं, बोलायला हरकत नाही, पण गरज पडणार नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर
मिनिट हा शब्द लोक कसाही वापरतात. दोन दिवस मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलं.
आईचं 'दोन मिनिटांत चहा देते' – अकरा मिनिटं.
दीनानाथकाकांचं पूजेतून 'मिनिटभर थांब, आलोच' – सव्वीस.
हिमानीचं न्हाणीघरातून 'दादा, एक मिनट' – अडतीस. सख्खी बहीण आहे, तरी लिहायला हवं.
भोसले घाटावरचा नाववाला म्हणाला, 'बस दुइ मिनट, भइया.' नाव भरेपर्यंत पन्नास.
माझं मिनिट मोजलं नाही. जे बरोबर आहे ते मोजून काय करायचं?

गुरुवार, २० नोव्हेंबर. दुपारी २.३०
दोषाचं मूळ सापडलं. ओसरीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे. आजोबांपासून पुढेच आहे म्हणे. सगळे बघतात आणि मनातल्या मनात बारा वजा करतात. काकांना विचारलं, हे खोटं घड्याळ कशाला? काका म्हणाले, 'अरे, पुढे आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे ना? मग ते बरोबरच आहे.'
काका दशग्रंथी वैदिक आहेत, म्हणून वाद घातला नाही. सगळे आडवे झाल्यावर स्टुलावर चढून घड्याळ मोबाइलशी जुळवलं. कुणाला सांगितलं नाही. खऱ्याची दवंडी पिटावी लागत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
काकांना आज रामघाटावर पोचायला बारा मिनिटं उशीर झाला. घड्याळात सात वाजलेले बघून अजून बारा मिनिटं आहेत म्हणाले आणि दुसरा चहा घेतला. नागपूरहून पूजेला आलेले यजमान गंगेत बुडी मारून ओल्या धोतरात पायरीवर कुडकुडत होते. काका म्हणतात, 'आता गुडघे चालत नाहीत माझे. वय झालं.' चेहरा पडला होता.
सांगावंसं वाटलं. पण सुधारणेच्या सुरुवातीला थोडा त्रास होतोच. नोकरी लागल्यावर सांगेन.

शनिवार, २२ नोव्हेंबर
घड्याळ पुन्हा बारा मिनिटं पुढे! आई म्हणाली, 'मंद झालं होतं रे ते मेलं. सेल बदलला, होतं तसं केलं.' दुपारी पुन्हा मागे केलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर
रोज सकाळी आई पुढे करते, रोज दुपारी मी मागे करतो. चिकाटी हीसुद्धा शिस्तच. आई आतापर्यंत तीन सेल बदलून चुकली. घड्याळजीला दाखवू या म्हणते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर. दुपारी २.४५
आजचं मागे करून झालं. आता मोबाइल बघावाही लागत नाही, बोटांना बारा मिनिटं पाठ झाली आहेत.
पाठशाळेपर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. सहा मिनिटं. गल्लीत सांड आडवा बसला असेल तर सात. उद्या ९.५४ ला निघणार. काका म्हणाले, 'अर्धा तास आधी जाऊन बस बाळ, काय बिघडतं?' त्यांना समजावलं की लवकर पोचणं हीसुद्धा वेळेची चूकच.
अर्ज तिसऱ्यांदा लिहिला. एकही वेलांटी चुकलेली नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. सकाळी ९.५०
तयार. पाठशाळेत मोबाइल आणायचा नाही असं पत्रात आहे, म्हणून रात्रीच बंद करून कपाटात ठेवला. ओसरीवरचं घड्याळ आहेच. आईने दही हातावर घातलं. ती कालपासून उगाच हसते आहे. चार मिनिटं शिल्लक आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

त्याच दिवशी, दुपारी १.००
सांड नव्हता. बरोबर सहा मिनिटं लागली.
सेक्रेटरी श्रीनिवासराव म्हणाले, 'या. किती वाजले?' मी म्हटलं, दहा. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. दहा वाजून बारा.
मला दया आली. मी म्हटलं, 'सर, आपलं घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे. पुष्कळ घरांतून असतं असं. स्टूल असेल तर एका मिनिटात नीट करून देतो.' स्टूल कोपऱ्यात होतंच. मी चढलो.
श्रीनिवासराव म्हणाले, 'उतरा. सकाळीच रेडिओच्या बातम्यांवर लावलंय मी.'
अर्ज ठेवून घेतला. अक्षर चांगलं आहे म्हणाले.
घरी आलो तर काका दारातच. 'काय रे, घड्याळ बरोबर होतं ना? तुला खरं आवडतं हे आमच्या लक्षात आलं. काल सकाळी तू झेरॉक्सला गेलास ना, तेव्हा आईने स्टूल धरलं आणि मी बरोबर लावून ठेवलं. मुद्दाम, तुझ्यासाठी.'
म्हणजे बरोबर असलेलं घड्याळ मी मागे केलं. मी म्हटलं, हो काका, बरोबर होतं. आणि नागपूरच्या यजमानांचंही सांगून टाकलं. काका म्हणाले, 'म्हणजे गुडघे ठीक आहेत माझे.' आणि दुसरा चहा मागितला.

रविवार, ३० नोव्हेंबर
पाठशाळेत दुसरा मुलगा घेतला. तो पावणेदहालाच येऊन बसला होता म्हणे.
काकांनी सकाळी स्वतः स्टुलावर चढून घड्याळ बारा मिनिटं पुढे केलं. मी स्टूल धरलं. मग म्हणाले, 'चल माझ्याबरोबर घाटावर. यजमानांची नावं-गोत्रं लिहून घ्यायला कुणीतरी हवंच आहे, तुझं अक्षर बरं आहे. नीघ.' मी म्हटलं, एक मिनिट.
निघताना आईने ओट्याकडून सांगितलं, अठरा मिनिटं झाली.
ती मोजत होती.