सत्तर नावांची यादी

अल्लाह एक आहे आणि मुहंमद त्याचे प्रेषित आहेत, ही साक्ष देऊन मी, हुमैद बिन जब्र, अज्द टोळीचा, वय साठीच्या आसपास, अकरा वर्षे सिजिस्तानचा सुभेदार, माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली नाही, असेही लिहायची रीत आहे. पण तटाबाहेर तीन हजार माणसे बसली आहेत, तेव्हा ते वाक्य गाळतो.

एक. बसऱ्याचे घर शरियतप्रमाणे मुलांत वाटावे. थोरल्याने अंगणातल्या खजुरीवरून भांडू नये. ती त्याच्या आईने लावली, त्याने नाही.

दोन. बाकीचे घोडे आम्ही खाल्ले. उरलेला तपकिरी घोडा मोकळा सोडावा, पण सुवैद बिन अक्रमच्या हाती पडू देऊ नये. तो टाच फार मारतो. वेढा घालून बसलेला तो हाच. नव्या खलिफाच्या नावे शपथ घ्यायला मी उशीर केला, म्हणून त्याला पाठवले. भाला धरायला त्याला मीच शिकवले. गुरूची विद्या गुरूला फळली.

तीन. सुवैदने सत्तर जणांना अभय कबूल केले आहे. नावे आम्ही लिहून द्यायची. यादीत नाव नाही, त्याला अभय नाही. किल्ल्यात आम्ही बरोबर सत्तर होतो आणि पहिले नाव माझे होते. परवा फर्रुख नालबंदाच्या बायकोला मुलगी झाली. मी आणखी एक जागा मागितली. सुवैदचा निरोप आला, "अमीर, नियम तुमचाच आहे."

खोटे नाही. बावीस वर्षांपूर्वी बुस्तजवळच्या गढीच्या म्हाताऱ्या मालकाने सगळ्यांची नावे लिहून दिली आणि स्वतःचे राहिले. मी यादी दोनदा वाचून घेतली आणि त्याची मान उडवली. सुवैद शेजारीच उभा होता. म्हाताऱ्याचा हा विसराळूपणा मी पुढे कितीतरी मेजवान्यांत रंगवून सांगितला. त्याची मुलगी माहरुख तोवर माझी बायको झाली होती. त्या मेजवान्यांत जेवण तीच वाढत असे.

नालबंदाच्या पोरीचा मला राग आला, हे लपवत नाही. आठवडाभर थांबली असती तर तिचे काय बिघडले असते? मला मरायची भीती वाटते.

चार. माहरुख वारस आहे, तेव्हा शरियतप्रमाणे तिला मृत्युपत्राने वेगळे काही देता येत नाही. तिचा हिस्सा सावत्र मुलांनी अडवू नये. आज सकाळी ती जव निवडत होती. मी विचारले, तुझे वडील नाव लिहायला विसरलेच होते ना?

मान वर न करता ती म्हणाली, "विसरतील कसे? जागा एक कमी होती. त्या यादीत शेवटचं नाव माझं आहे."

इतकी वर्षे बोलली का नाहीस, असे विचारले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

पाच. त्यानंतर मी माझे नाव खोडून तिथे 'फर्रुखची मुलगी' असे लिहिले. बारसे सातव्या दिवशी असते, म्हणून नाव नाही. यादी बाहेर सुवैदकडे गेली आहे. सगळे सुखरूप पोचेपर्यंत हा कागद उघडू नये, असे माहरुखला सांगितले आहे. वाटेत कोणी विचारलेच तर अमीर स्वतःचे नाव लिहायला विसरला म्हणावे, हेही तिला सांगितले, नाहीतर ही माणसे मला सोडून जायची नाहीत.

साक्षीदारांना मजकूर घोड्याविषयी आहे असे सांगितले आहे.

सही: हुमैद बिन जब्र
साक्षीदार: उमारा बिन हब्बान
साक्षीदार: फर्रुख नालबंद (वाचता येत नाही, अंगठा)

जरंजचा किल्ला, शव्वालची अकरावी, वेढ्याचा चौऱ्याण्णवावा दिवस.