करडी अक्षरं

३ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

फोनवर मी सगळं बरं आहे एवढंच सांगते म्हणून तू रागावलास. अरे, घर दोन खोल्यांचं. कुठेही बोललं तरी यांना ऐकू जातं. झटक्यानंतर यांची वाचा गेली, कान नाही गेले. यांच्यासमोर यांच्याबद्दल काय बोलू? म्हणून पत्र.

आधी तुझ्या खात्यातली तक्रार. यांचा जुना कॉम्प्युटर फार रखडायला लागला म्हणून दुकानात दिला. दुकानदाराने आतून साफसूफ करून सगळं नवं भरून दिलं. त्यात, ज्या साध्या एडिटरमध्ये हे एका बोटाने टाइप करून माझ्याशी बोलायचे, तोही बदलला. नवा एडिटर महाआगाऊ आहे. यांनी दोन शब्द लिहिले की पुढचे शब्द करड्या अक्षरांत स्वतःच मांडतो. यांचं बोट जड, जरा रेंगाळलं की ती करडी अक्षरं काळी होऊन कायमची बसतात. खोडायचं तर पुन्हा तेवढाच खटाटोप. आता यांनी कीबोर्डला हात लावणंच सोडलं आहे. जन्मभर नकाशे काढले, स्वतःची एक रेघ दुसऱ्याला ओढू दिली नाही, त्या माणसाला हे कसं सहन व्हावं?

मदतीला बाई ठेव आणि महिनाभर माझ्याकडे येऊन विश्रांती घे, असं तू म्हणालास. ते मी यांना विचारलं होतं. यांनी ‘मला बाहेरची माणसं’ एवढं टाइप केलं आणि पुढे ‘नकोत’ उमटलं. मी म्हटलं, बरं, नाही ठेवत. तर यांनी टेबलावर मूठ आपटली. इतका ठाम नकार असल्यावर विषयच संपला.

थकले आहे रे. सकाळी यांना उठवून बसवताना कमरेतून कळ जाते. काल भाजी गॅसवर ठेवली आणि उभ्या उभ्या डोळा लागला. पातेलं जळलं, वास घरभर. तक्रार करत नाही, नुसतं सांगते.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तक्रार नाही असं म्हणत तू दीड पान तक्रार केलीस, वाचून जरा बरं वाटलं. फोनवर तर तू त्या दुकानदारासारखी बोलतेस, सगळं ठीक, सगळं नवं.

एडिटरचं म्हणशील तर मी तीन बघितले. एक आम्ही ऑफिसात वापरतो तो. त्यात प्रत्येक शब्द वेगळ्या रंगात दिसतो, भाऊजी वैतागतील. दुसऱ्याच्या डोक्यावर बटणांची एवढी गर्दी की तुमच्या कॉम्प्युटरला धाप लागेल. तिसरा म्हणजे तुमचा जुनाच. आणि गंमत अशी की तो कुठे गेलेलाच नाही. आतच आहे, नव्याने त्याची जागा अडवली आहे. नवा काढून टाकला की जुना आपोआप उघडेल. कसं काढायचं ते सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. मध्येच मशीन विचारेल की खरंच काढायचं का. त्याला हो म्हण. तू सगळ्यांनाच नाही म्हणतेस, म्हणून आधीच बजावतो.

एक विनंती आहे, रागावू नकोस. भाऊजी लिहीत असताना मागे उभी राहू नकोस. मी शाळेचे निबंध लिहायचो तेव्हा तू खांद्यावरून वाचून पुढचं वाक्य सांगायचीस, आणि मला काय लिहायचं होतं तेच मी विसरायचो.

बाईचा विषय मी सोडलेला नाही. तू अशीच राबत राहिलीस तर तुम्हा दोघांनाही उचलायला माणसं लागतील. मला भीती वाटते, ताई.

लोभ आहे हे मला माहीत आहे, जरा स्वतःवरही असू दे.

तुझा,
खटपट्या

१७ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

झालं एकदाचं. पहिल्या खेपेला मी एडिटरऐवजी कॅल्क्युलेटर काढून टाकला. तो आता गेला, हिशेब बोटांवर करू. दुसऱ्या खेपेला जमलं. पांढरं पान उघडलं, वर चार शब्द, बाकी काही नाही. यांनी एक अक्षर टाइप केलं आणि थांबून बघत राहिले, पुढे काही उमटतंय का. नाही उमटलं. मग दुसरं अक्षर. मला रडूच आलं.

तू बजावलं होतंस तरी सवयीने मी मागे उभी राहिलेच. तर यांनी मान वळवली आणि मला दाराकडे बोट दाखवलं. खोटं कशाला बोलू, लागलं मला. यांना कूस बदलायची असते तेसुद्धा यांच्या आधी मला कळतं, आणि मलाच बाहेर काढलं. स्वयंपाकघरात जाऊन बसले. काल सगळी दुपार ते एक बोट टकटक करत होतं.

संध्याकाळी यांनी छापलेला कागद पाकिटात घातला, दातांत धरून चिकटवला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. सोबत पाठवते आहे. उघडलेलं नाही. बाई नकोच, हे तुलाही बजावलं असणार.

माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

मेहुणेबुवांस,
स. न.

थोडक्यात लिहितो, बोट एकच आहे.

एडिटर मिळाला. आता मी थांबलो की तोही थांबतो. आभारी आहे.

माझं वाक्य पुरं करायची तुझ्या ताईला लग्नापासून सवय. बहुतेक वेळा बरोबर करते, म्हणून मी कधी अडवलं नाही. या वेळी मशीनचं चुकलं आणि तिचंही. मला बाहेरची माणसं चालतील, तू जा, असं मी लिहीत होतो. मूठ त्यासाठी आपटली. तिला वाटलं मी बाईला नाही म्हणतो.

तिचे हाल मला रोज दिसतात. मी खुर्चीत बसून बघतो आणि मला स्वतःची लाज वाटते. बाई तू ठरव. ताई नाही म्हणेल, ऐकू नकोस.

आत्ता ती मला दारातून दिसते आहे. रुसून बसली होती, बसल्या बसल्या झोपली. माझा सदरा घडी करायला घेतला होता, तो तसाच हातात आहे.

ये आणि तिला घेऊन जा.

तुझा,
भाऊजी