खोली बदलायचा दिवस

प्रिय धाकटे,

तू पाठवलेले कर्जाचे कागद मिळाले. जिथे जिथे माझी सही हवी तिथे तू पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली आहेस, म्हणजे म्हातारीला शोधायचे कष्ट नकोत. फुल्या मी खोडरबराने पुसल्या आणि कागद याच पाकिटातून परत पाठवते आहे, कोरेच्या कोरे. तुमच्या सहलीच्या कर्जाला मी जामीन राहणार नाही. शनिवारपर्यंत सही आली नाही तर बुकिंग जाईल, असं तू लिहिलं आहेस. जाऊ दे. तुम्ही दोघं घरी राहाल, याहून भयंकर काही घडणार नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू रडली असतीस, मग साहेबांनी तुझ्या हातातून फोन घेतला असता आणि मला 'ताई, जरा प्रॅक्टिकल व्हा' हे पुन्हा एकदा ऐकावं लागलं असतं. तुझ्या नवऱ्याला मी साहेब म्हणते ते आदराने, असा त्याचा अजूनही समज आहे. असू दे. पत्राला मधेच कुणी तोडत नाही, म्हणून पत्र.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आता नाही जगायचं तर कधी, असा तुझा सवाल. जगा की. पण आठवड्याभरात पाच शहरं पाहण्याला तू जगणं म्हणत असशील, तर मी आयुष्यभर भूगोल शिकवला तो पाण्यात गेला. पहाटे उठायचं, बसमध्ये बसायचं, खिडकीतून एक मनोरा पाहायचा, खाली उतरून त्याच्यापुढे दात दाखवायचे आणि परत बसमध्ये. तुमचा मागच्या वेळचा बर्फातला फोटो तुमच्या दिवाणखान्यात लावलाय ना, तो बर्फ केव्हाच वितळला असेल. त्याचे हप्ते वितळले का, हे साहेबांना विचारून पाहा. 'आठवणी म्हणजे गुंतवणूक' असं ते मला समजावत होते. ही कुठली गुंतवणूक, जिचं व्याज आपणच भरायचं?

घरासाठी माणूस कर्ज काढतो, आजारपणासाठी काढतो. नाइलाज मला कळतो. पण पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्चीत लोळायला उसने पैसे घेणारा माणूस मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचाही नाही. खुर्चीवर तो पडलेला असतो, पण मान मोकळी कुठे असते? तुझीच गोष्ट घे. मागच्या सहलीहून आल्यावर तू वर्षभर कामवाल्या बाईंना सुट्टी दिलीस आणि 'व्यायाम होतो गं' म्हणून लादी स्वतः पुसत होतीस. व्यायाम तर होतच होता.

साहेब मला तोंडावर म्हणाले होते, 'भूगोलाच्या बाई, पण पाहिलं काय तुम्ही?' ऐकून घे, काय पाहिलं. दर महिन्याच्या पगारातून आधी फिरायचे पैसे बाजूला पडायचे, मग बाकीचा खर्च. एखाद्या वर्षी कमी पडले तर त्या वर्षी जवळ जायचं. कुणी घर बंद करून गावाला निघालं की मी त्यांच्या घरी राहायला जायची, झाडांना पाणी घालायची, मांजरं सांभाळायची. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं डोंगरावरचं घर मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांचा बोका एक नंबरचा हलकट, पण त्याच्या मेहेरबानीने मी महिनाभर खिडकीतून दरीतलं धुकं पाहिलंय. शाळेच्या सहलींना फुकट गेले. म्हणजे फुकट कसलं, ओकणारी पोरं धरून गेले. गर्दीच्या दिवसांत कधी कुठे गेले नाही. सगळे परत यायला लागले की मी निघायची. रिकाम्या गाडीत खिडकी मिळते, रिकाम्या गावात माणसं बोलायला येतात. आणि परत आल्यावर दारात कुणी वसुलीला उभा नसतो.

हे शहाणपण माझं नाही. ते कुठून आलं हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे, आणि त्याच्यासाठीच मी हे पत्र लांबवते आहे.

आपले बाबा रंगारी होते. मुद्दाम लिहिते आहे, कारण तुझ्या सोसायटीत ते 'इंटिरिअरमध्ये होते' असं मला तुझ्या शेजारणीकडून कळलं. असतीलही. भिंतीच्या आतल्या बाजूलाच तर रंग द्यायचे. समुद्रावरच्या लॉजच्या मालकीणबाईंशी त्यांचा सौदा ठरलेला होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी, आपल्या सहामाहीच्या सुट्टीत, बाबांनी सगळं लॉज रंगवायचं. मजुरी निम्मी, आणि उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात आपण चौघांनी तिथे राहायचं. ज्या खोलीला अजून रंग लागला नसेल तिथे मुक्काम. रंग आपल्या खोलीपर्यंत आला की सामान उचलायचं आणि वाळलेल्या खोलीत जायचं. दोन दिवस जिन्याजवळच्या खोलीत, दोन दिवस मागच्या अंगणाकडच्या, मग समुद्राकडच्या. समुद्राकडची मिळाली की तू पलंगावर उड्या मारायचीस आणि आई ओरडायची, 'अगं, स्प्रिंगा मोडल्यास तर पुढच्या वर्षी बाहेर वाळूत झोपवीन.'

खोली बदलायच्या दिवसाचा आपला रिवाज आठवतोय का? सकाळी उठल्याबरोबर पलंग भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यात आणायचा. खुर्च्या त्याच्यावर उलट्या. सगळ्यावर चादर. मग आपापली पिशवी घेऊन व्हरांड्यात ओळीने बसायचं आणि बाबा कुठली खोली देतात याची वाट पाहायची. बाबा काही संतमहात्मा नव्हते. उकाड्यात रंगकामाच्या घोड्यावर चढून छत रंगवताना त्यांचं डोकं फिरलं की शिव्या थेट समुद्रापर्यंत जायच्या. त्या लाकडी घोड्याचे पाय आई आणि मी धरायचो, त्यामुळे आमच्या वाट्याला शिव्याही जास्त यायच्या. पण संध्याकाळी हातपाय धुऊन ते आपल्याला किनाऱ्यावर न्यायचे आणि आख्खा किनारा आपल्या एकट्यांचा असायचा. हंगाम सुरू झाल्यावर तिथे पाय ठेवायला जागा नसते, हे मला मोठी झाल्यावर कळलं. पाहुण्यांना पैसे मोजून एक खोली मिळायची. आपण सगळ्या खोल्यांत झोपलो.

शेवटच्या दिवशी पहिल्या पाहुण्यांची मोटार आली, आणि तू दारात हात पसरून त्या जाड्या बाईंना अडवलंस. 'रंग ओला आहे, हात लावू नका, माझ्या बाबांनी दिलाय.' मालकीणबाई हसून हसून खाली बसल्या होत्या. तेव्हा तुला लाज ठाऊक नव्हती. बरी दिसायचीस.

आता तुमच्याकडच्या त्या जेवणाबद्दल. त्या दिवशी मी ताटावरून उठून गेले म्हणून तू महिनाभर रुसलीस. 'चारचौघांत माझी शोभा केलीस,' असं म्हणालीस. शोभा कुणी केली ते आज लिहून टाकते. साहेबांनी पाहुण्यांना तुमच्या मधुचंद्राची गोष्ट सांगायला घेतली. गेल्या पंचवीस वर्षांत ती मी वगळता सगळ्यांनी ऐकली असावी, कारण दोघेतिघे आधीच हसायला लागले होते. तिसऱ्या दिवशी साहेब आंघोळ करून बाहेर येतात तर काय, नव्या नवरीने हॉटेलचा भलामोठा पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणलेला, खुर्च्या त्याच्यावर उलट्या, वर चादर, आणि बाईसाहेब बॅग घेऊन बाहेर व्हरांड्यात बसलेल्या. साहेबांनी खुर्ची ओढून, टेबलक्लॉथ डोक्यावर घेऊन सगळी नक्कल करून दाखवली. 'मला वाटलं, पळून चालली,' म्हणे. हशा. मग त्या चष्मेवाल्या पाहुण्यांनी तुला सरळ विचारलं, 'पण वहिनी, असं का केलंत?'

मी तुझ्याकडे पाहत होते. उत्तर एका वाक्याचं होतं. हॉटेलात दोन दिवसांनी खोली बदलतात असंच आम्हाला वाटायचं, कारण आमचे बाबा खोल्या रंगवायचे. त्या पाहुण्यांना ते आवडलंही असतं, ते तेवढे वाईट दिसत नव्हते. तू ओठ पुसलेस आणि म्हणालीस, 'काय की, तेव्हा मी जरा वेडीच होते.' आणि सगळ्यांबरोबर हसलीस.

म्हणून मी उठले. तेव्हा सांगितलं तसं पोट बिघडलं होतं म्हणून नव्हे, आणि साहेबांच्या नकलेचा राग आला म्हणूनही नव्हे. त्यांची अक्कल मी केव्हाच मोजली आहे, तिच्यावर राग फुकट घालवत नाही. बाबांनी तुला समुद्र दाखवला, तोही कुणापुढे हात न पसरता, आणि तू वेडी ठरायला तयार झालीस पण रंगाऱ्याची मुलगी ठरायला नाही. तेव्हापासून तुम्ही दोघं हॉटेलं पालथी घालत फिरता आहात. एकापेक्षा एक महागडी, आणि सगळी हप्त्यांवर. मला तो हिशोब आता कळतो. किती हॉटेलांत राहिल्यावर ती व्हरांड्यात बसलेली मुलगी पुसली जाईल असं तुला वाटतं? बँकवाल्यांनाही सांगता यायचं नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात लॉजमधून फोन आला. मालकीणबाई गेल्या. त्यांची सून आता सगळं पाहते. तिने नवा ठेकेदार बोलावला होता. त्याने समुद्राकडच्या खोलीचा रंग कंपनीच्या शेड-कार्डावरून जुळवायचा प्रयत्न केला, चारदा. दरवेळी भिंत दवाखान्यासारखी दिसायला लागली. जुने पाहुणे तीच खोली मागतात, तोच रंग मागतात, बाबांनी हाताने कालवलेला तो निळा की हिरवा. तिने कुठून तरी माझा नंबर काढला आणि विचारलं, तुमच्या घरात कुणाला तो रंग येतो का. मी म्हटलं, मला नाही. मला भिंतीच्या भेगांत लांबी भरता येते, पॉलिश पेपर मारता येतो, घोडा धरता येतो. रंग बाबा कालवायचे, आणि बादलीपाशी उकिडवी बसून 'अजून थोडा पिवळा' असं त्यांना सांगायची ती माझी धाकटी बहीण. तिचं ऐकल्याशिवाय ते ब्रश बुडवायचे नाहीत. माझं त्यांनी कधीही ऐकलं नाही, हेही त्या सुनेला सांगितलं.

सौदा जुनाच ठरवला आहे. हंगामाआधी आपण समुद्राकडच्या खोल्या रंगवायच्या. छताला सून माणूस देणार आहे, या वयात मी तुला घोड्यावर चढू देणार नाही. मजुरी निम्मी, उरलेल्या निम्म्याच्या बदल्यात राहणं, आणि काम पसंत पडलं तर दरवर्षी. बसचं तिकीट तुझं तू काढ, ते तुला परवडेल, लादी पुसून अंगात ताकदही आली असेल. साहेबांना आणायचं तर आण, बादल्या उचलायला माणूस लागतोच. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिथे साजरा करा. चष्मेवाल्यांना फोटो पाठवा, पण खाली खरं काय ते लिहा.

मी सोमवारी निघते आहे. तू आलीस तरी निघणार, नाही आलीस तरी. फक्त न आलीस तर ती खोली दवाखान्यासारखीच राहील, आणि बाबांचा तो रंग तुझ्याबरोबर संपेल, कारण तो दुसऱ्या कुणाच्याच डोळ्यांत नाही. माझ्याही नाही, हे लिहायला मला फार आवडत नाही. म्हणून हे पत्र. कर्जाला नकार द्यायला दोन ओळी पुरल्या असत्या. पहिले दोन दिवस आपण जिन्याजवळच्या खोलीत राहू. तिसऱ्या दिवशी सकाळी पलंग ओढून मध्यात आण, खुर्च्या उलट्या ठेव, चादर टाक आणि बॅग घेऊन बाहेर ये. मी आधीच व्हरांड्यात बसलेली असेन.

तुझीच, पण तुझ्या हप्त्यांची कुणीही नसलेली,
ताई