तोफा नसलेली त्सुयुकाझे

शिझुओका,
१२ एप्रिल २०१५

ती. किनुएताईस,
तोकुजीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. तुझ्या गुडघ्याची काळजी वाटते. कारात्सुच्या समुद्रावर वारा अजून बोचरा असेल, तरी तू सकाळी फिरायला जातेसच असं आपली धाकटी त्सुयु सांगत होती. निदान काठी तरी नेत जा. माझा रक्तदाब चढाच आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, आणि ते असं म्हणाले की मला जास्तच काळजी वाटते.

आता बातमी. हसू नकोस. मी जहाज आणलं आहे. ‘त्सुयुकाझे’चं मोठं किट निघालं, हातभर नाही, चांगलं मीटरभर लांब. दुकानात खोक्यावरचं नाव वाचलं आणि पाय तिथेच थबकले. ज्या जहाजाने आपल्याला मांचुरियातून परत आणलं, ज्याच्यावरून आईने आपल्या त्सुयुचं नाव ठेवलं, ते जहाज खोक्यात. आमच्या गावात निम्मे म्हातारे हाच उद्योग करतात, पण मी जन्मभर लोकांचे शर्ट धुतले आणि इस्त्री केले, मला यातलं काय कळतं? तुझी भावजय मिसाओ म्हणते की घरभर गोंदाचा वास सुटलाय, तिला भाताची चवही लागत नाही. कठड्याचा पितळी तुकडा चिमट्यातून उडाला तो तिच्या सपातेत सापडला, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली.

सेहेचाळीसचा जन्म, तेव्हा जन्मसालही धरायच्या जुन्या मोजणीने त्सुयुचं हे सत्तरावं वर्ष, वाढदिवस शरदात. तेव्हा तिला हे द्यायचं आहे. पण किटमधलं जहाज लढाईला निघालेलं आहे, नुसत्या तोफाच तोफा. आपण चढलो तेव्हा युद्ध संपलेलं, तोफा कापून टाकलेल्या. म्हणून मी एकही तोफ लावणार नाही, तोफांसाठीची भोकं लांबीने बुजवतोय. आमच्या मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळातले ओगाता म्हणाले की अहो, अर्धवट जहाज कोणी भेट देतं का. पण मला आपलंच जहाज करायचंय, ज्याचे उपकार आहेत ते.

मी पाच वर्षांचा, तापाने फणफणलेला, जहाजाच्या पोटात निजलेला. वरचं मला काही आठवत नाही. तू बारा वर्षांची होतीस. डेकवर काय काय होतं ते लिही. आणि मुख्य म्हणजे आईला कळा कुठे लागल्या, त्सुयु नेमकी कुठे जन्मली? तिथे आईची आणि बाळाची लहानशी बाहुली बसवायची आहे. चिकटवायचं तर जागा ठाऊक हवी.

शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाचं पत्र, चूकभूल पोटात घाल. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा,
तोकुजी

———

कारात्सु,
२५ एप्रिल २०१५

चि. तोकुजीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी काठी घेऊन जाते. ती काखेत धरते, टेकत नाही, पण नेते. तू माझ्या गुडघ्याची काळजी सोडून आपल्या चिमट्याची कर.

पत्र वाचून मला हसू आलं नाही. डोळे भरून आले. त्या जहाजाची आठवण ठेवणारा माझ्याखेरीज आणखी कोणी आहे, हेच मला पुष्कळ झालं.

तर लिहून घे. डेकवर ओबडधोबड फळ्यांच्या झोपड्या ठोकल्या होत्या, वर ताडपत्री. संडास म्हणजे जहाजाच्या कडेबाहेर लोंबणारी लाकडी खोकी, खाली थेट समुद्र. मी आत जायचे तेव्हा आईने माझा हात दाराबाहेरून धरलेला असायचा. पुढच्या तोफेची नुसती गोल बैठक उरली होती. तिची कड उंच असल्यामुळे आत पाणी यायचं नाही, म्हणून म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या बायका तिथे दाटीवाटीने बसायच्या. डोलकाठीपासून धुराड्यापर्यंत दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले. आणि एक खलाशी होता, स्वयंपाकघरातला, पुढचा दात पडलेला. लढाईत त्याच जहाजावर होता म्हणे. तो रोज भाताची पेज रिकाम्या डब्यात भरून माझ्या हाती द्यायचा आणि सांगायचा की बाळासाठी आहे, वाटेत तू पिऊ नकोस. मी एकदा थोडी प्यायलेही. त्याला कळलं असावं, दुसऱ्या दिवशी डबा काठोकाठ होता.

बाहुली बसवूच नकोस. इतकी लहान माणसं नीट होत नाहीत, जहाजाची शोभा जाते. झोपड्या कर, दोऱ्या कर, तेवढं पुरे.

मिसाओला आशीर्वाद. तिला म्हणावं नाकाला फडकं बांध. तुम्हा दोघांवर आहे तो जीव आहेच.

तुझी,
ताई

———

शिझुओका,
३० जून २०१५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राने माझं जहाज उभं केलं. झोपड्या झाल्या, संडासही झाले, तू नको म्हणालीस तरी कठड्याशी थोडी माणसंही चिकटवली. मे महिन्यात इथे मॉडेलांची जत्रा भरली, मंडळाच्या टेबलावर जहाज अर्धंमुर्धं मांडलं. लोक विचारायचे की आजोबा, तोफांचे भाग हरवले का? पण एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले. कमरेतून वाकून जहाजाला नमस्कार करून गेले. मला वाटतं तेही कुठल्यातरी अशाच जहाजाने आलेले असावेत.

पण ताई, मला झोप नाही. तू बाकी सगळं लिहिलंस, विचारलं ते मात्र टाळलंस. माझं काही चुकलं का? आईच्या बाळंतपणाबद्दल भावाने विचारू नये, असं काही आहे का? मिसाओ म्हणते की मी उगाच काहीबाही मनात घेतो. घेत असेन.

पण परवा त्सुयु हमामात्सुहून अचानक आली आणि जहाज लपवायला जागाच नव्हती. तिने पाहिलं. आधी माझी थट्टा केली की दादा, कपडे वाळत घातलेस तेही चापूनचोपून, धंदा अजून सुटत नाही वाटतं. मग हळू आवाजात म्हणाली, यात मी कुठे आहे ते दाखव. मी सांगितलं की ताईला विचारतो. ती म्हणाली की शरदात पाहायला येईन, तेव्हा मला माझी जागा पाहिजे.

आता काय करू? समुद्रही तयार आहे. प्लॅस्टरचा केला, मागे फेसाची सरळ रेघ ओढली, जहाज त्यात पक्कं बसवलं. एवढी एकच जागा रिकामी आहे. तुला दुखवायचं नाही, पण कळव.

तुझ्या पायाशी,
तोकुजी

———

कारात्सु,
१० जुलै २०१५

चि. तोकुजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. हे वाचताना खाली बस, आणि आधी गोळी घे.

आईला कळा लागल्याच नाहीत. आईला बाळ होणार नव्हतं. बाबा गेले त्या हिवाळ्यानंतर तिच्या अंगात हाडांपलीकडे काही उरलं नव्हतं.

त्या तोफेच्या बैठकीत आमच्या शेजारी एक बाई होती, हात्सुए नावाची. सादो बेटावरची, एवढंच तिने सांगितलं. आडनाव मला ठाऊक नाही. पोटातलं ओझं घेऊन एकटी बंदरापर्यंत चालत आली होती. तिला मुलगी झाली आणि ती स्वतः दुसऱ्या सकाळी गेली. जाण्याआधी तिने कोणाला देऊ असं विचारलं नाही. आईकडे पाहिलं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. आईने ते पदराखाली घ्यावं तसं कोटाच्या आत घेतलं. बंदरात उतरल्यावर कारकुनाने विचारलं तेव्हा आईने ठणकावून सांगितलं की माझी, जहाजावर झालेली. माझा हात तिने इतका दाबला की बोटं वळेनात.

पुढे तिने माझ्याकडून शब्द घेतला की त्सुयुला कधी सांगायचं नाही. तुझ्याबद्दल शब्द घेतला नव्हता, म्हणून तुला सांगितलं. मला भीती एकच वाटते. या वयात ती आपल्या घरात पाहुणी होऊन बसेल. दारात येऊन आधी विचारेल की येऊ का. ते मला सोसणार नाही. पण तिने तिची जागा मागितली आहे, आणि ती मागणी खोटी नाही. माझं तोंड बांधलेलं आहे. तू ठरव. जे ठरवशील त्याला मी आहे.

आज इतक्या वर्षांनी हे कोणाशी तरी बोलले. तू ते जहाज घरी आणलंस म्हणून. तुझं भलं होवो.

ताई

———

शिझुओका,
१८ ऑगस्ट २०१५

चि. त्सुयुस,
दादाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझ्याकडे यायला दोनदा निघालो. एकदा हमामात्सुच्या स्टेशनावर उतरलोसुद्धा आणि समोरच्या गाडीने परत आलो. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून लिहितो. ताईवर रागावू नकोस, तिने आईला शब्द दिला होता.

(इथे ताईने मला लिहिलं ते पान तसंच जोडतो. माझ्या हाताने लिहिलं तर चुका होतील.)

वाचलंस? आता माझं ऐक. हे कळल्यावर मी पितरांच्या ओबोन सणाला आईच्या थडग्यावर पाणी घातलं तेव्हा तिच्यावर चिडायचं ठरवून गेलो होतो. जमलं नाही. तापात निजलेला मी, भुकेली ताई, आणि आईला आणखी एक तोंड मिळालं. तिने मागेपुढे पाहिलं नाही. माझ्या लहानपणी घरात हसणारं कोणी होतं तर ती तू होतीस. मी धुलाईचे गठ्ठे पोचवायचो तेव्हा तू सायकलमागे पळायचीस. तू नसतीस तर आई फार जगली नसती असं मला आता वाटतं. हात्सुए बाईंचे आभार कुठे मानायचे ते मला कळत नाही. त्यांचा पत्ता नाही.

तू मला काय समजशील या धास्तीने जेवण जात नाही. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण पत्राने दे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचता येतील. मिसाओ रोज टपालपेटी उघडून पाहते आणि मला सांगते की अजून काही नाही.

दादा म्हणणं सोडू नकोस एवढंच.

तोकुजी

———

हमामात्सु,
२० सप्टेंबर २०१५

ती. दादास आणि वहिनींस,
त्सुयुचा सा. न. वि. वि.

वहिनी, पेटी बंद करा, पत्र आलं.

दादा, आधी मी रागावले. आई आता नाही, तिच्याशी भांडायचं कसं? म्हणून ताईशी भांडायला कारात्सुला गेले. दारात बेल वाजवली नाही, थेट आत शिरले आणि जोडे काढतानाच ओरडायला सुरुवात केली. ताई ऐकत राहिली आणि मग रडायला लागली. मी विचारलं की आता का रडतेस, तर म्हणाली की तू न विचारता आत आलीस म्हणून. मला तेव्हा काही उमगलं नाही. तू पाठवलेलं पान पुन्हा वाचल्यावर उमगलं. मग आम्ही दोघी एका गादीवर निजलो, लहानपणी निजायचो तशा. ती अजून घोरते.

तुझी धाकटी बहीण म्हणून तुला छळण्याचा हक्क मी सोडणार नाही, तेव्हा जेवायला लाग. दोन बायकांनी मिळून मला या देशात आणलं, आणि पेज देणाऱ्या एका खलाशाने. माझ्याइतकी नशीबवान मी दुसरी पाहिली नाही.

आता कामाचं. ताईला मी एकच विचारलं, की हात्सुए बाईंना कुठे ठेवलं. ताईने सांगितलं की चटईत गुंडाळून समुद्रात सोडलं. मग जहाज पुढे गेलं नाही. लांबलचक भोंगा वाजवत त्या जागेभोवती गोल फिरलं, डाव्या अंगाला वळत, आणि मगच घराकडे निघालं. इंधनाची एवढी टंचाई असताना कोणीतरी तसा हुकूम दिला.

तू फेसाची रेघ सरळ ओढली आहेस. मला माझी जागा हवी होती, ती ही. जहाज वळताना कर. फार काम पडेल का? पडेलच, पण सत्तरीला मागायचं नाही तर कधी?

नातं होतं त्याहून घट्ट झालंय, सैल करू नकोस.

तुझी,
त्सुयु

———

शिझुओका,
११ ऑक्टोबर २०१५

चि. त्सुयुस,
अनेक आशीर्वाद.

छिन्नीने समुद्र फोडला. घरभर पांढरी धूळ, मिसाओ या खेपेला स्वतः झाडू घेऊन बसली. जहाजाच्या तळाला एक ओरखडा आला तो रंगवून टाकला. नवा समुद्र ओतलाय, फेसाची रेघ आता डावीकडे वळत जाते. ओगातांनी सांगितलं की डावीकडे वळणारं जहाज उजव्या अंगाला कलतं, तसं ते थोडं कलतं ठेवलंय. उजवीकडे चिकटवलेली माणसं एकेक सोडवून डाव्या कठड्याशी आणली, कारण सगळे तिकडेच पाहत असणार. दोघांचे पाय मोडले, त्यांना झोपडीच्या आडोशाला उभं केलं. प्लॅस्टर वाळायला पावसाळी हवा नको म्हणून रोज आभाळ पाहतो आणि घाबरतो. तरी वाढदिवसाला मी स्वतः घेऊन येईन, या खेपेला परत फिरणार नाही.

आईही कठड्याशी आहे. आधी तुला तिच्या कोटात ठेवलं होतं, ताईने लिहिलं तसं. मग ते काढलं. आता आईचे दोन्ही हात वर आहेत आणि त्यात तू, कठड्याच्या वर, पाण्यातून कोणालाही दिसशील इतकी उंच. हे खरं तसं घडलं का, ते मी ताईला विचारलेलं नाही.

दादा