आनंदासाठी माझी एक किडनी

३ ऑगस्ट १९९३, मंगळवार
आनंदाच्या दोन्ही किडन्या कायमच्या गेल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी आज रिपोर्ट बघून तसं सांगितलं. डायलिसिस आठवड्यातून दोनदा. खरा इलाज म्हणजे दुसऱ्याची किडनी बसवणं. आईचं वय सत्तर, बहीण बायजाला डायबेटिस. माझी मॅच झाली. एका किडनीवर माणूस आरामात जगतो. मी तिथेच हो म्हटलं. धाकटा भाऊ आहे, बत्तीस वर्षांचा. ह्याच महिन्यात उरकायचं.

६ ऑगस्ट
विषय समजून घेतला. किडनी म्हणजे आपल्या मिठागराच्या बांधाची उघाडी, पाण्याची झडप. पाणी जास्त झालं की सोडायचं, कमी झालं की अडवायचं. दिवसाला दीडशेहून जास्त लिटर गाळते, त्यातलं दीडेक लिटर बाहेर काढते, बाकी परत आत. आनंदाची उघाडी बंद. म्हणून प्यालेलं पाणी आधी पायात, मग छातीत. त्याला दिवसाला पाऊण लिटर, चहा-आमटी धरून. माझी किडनी तयार राहावी म्हणून मी रोज चार लिटर पितो. आज त्याच्यासमोरच तांब्या संपवला. तो उठून आत गेला. मनावर ताबा नाही पोराचा.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर गावच्या मंडळाने माझा सत्कार केला. अध्यक्ष चांगदेवशेठ म्हणाले, काळुरामशेठने भावाला जीवदान दिलं. दिलं नाही, देणार आहे, अशी दुरुस्ती मी भाषणात केली. पंचवीस मिनिटं बोललो. शाल चांगली आहे. आनंदा अर्ध्यातून घरी गेला, दम लागला. मागून कोणीतरी बोललं, पोर व्हायच्या आधी बारसं. असतात अशी माणसं.

१८ ऑगस्ट
अधिक महिना लागला. भटजींना विचारलं. म्हणाले, आजारपणाला अधिक आड येत नाही, खुशाल करा. मग कल्याणच्या भटजींना विचारलं. ते म्हणाले, थांबलात तर बरं. अनुभवी माणूस. डॉक्टरांना तसं कळवलं. शालू म्हणाली, नशीब, तिसरा भटजी नाही लागला. बायकोला ह्यातलं काही कळत नाही.

२१ सप्टेंबर
घरात गणपती. ह्या दिवसांत हॉस्पिटल नको. आनंदाने दोन दिवस पाहुण्यांबरोबर सरबत घेतलं. अडीच किलो वजन वाढलं, श्वास घेता येईना, डायलिसिसला पळवावं लागलं. त्याला कडक शब्दांत सांगितलं, शिस्त हवी. तो म्हणाला, दादा, शिस्त हाय. तान पन लागते.

२ ऑक्टोबर
पितृपक्ष. डॉक्टरांनी स्वतःच २० तारीख दिली. तोवर पितृपक्ष संपतो. माझी हरकत नाही. किती दिवसांनी आनंदा हसला. आईकडून बर्फाचा एक खडा मागून घेतला आणि अर्धा तास चघळत बसला.

१९ ऑक्टोबर, दुपारी ४
काल दोघं ॲडमिट झालो. उद्या सकाळी आठला ऑपरेशन. तयारी पूर्ण, फक्त टॉवेल विसरलो. नर्स म्हणाली, इथला घ्या. दुसऱ्याचा टॉवेल म्हणजे इन्फेक्शन. तो आणायला डोंबिवलीला घरी आलोय. सहाला निघायचं.

२० ऑक्टोबर
काल संध्याकाळी अंग कणकणायला लागलं. थर्मामीटर लावला, नॉर्मल. पण ताप आतून असतो. तापात ऑपरेशनला जाणं म्हणजे बेजबाबदारपणा. सकाळी हॉस्पिटलला फोन केला, एंगेज. दुपारी आनंदा बायजाबरोबर रिक्षातून उतरला. माझ्याकडे बघितलंही नाही. आई म्हणाली, भ्या वाटला तं सांगाचास ना रं. पोराला वाट कशाला बगाया लावलीस? मी म्हटलं, ताप होता. थर्मामीटर कुठे आहे, तिने विचारलं. सापडला नाही.

८ नोव्हेंबर
नवी तारीख सुचवली, दिवाळी झाली की लगेच. आनंदा म्हणाला, दादा, किडनीचा विषय परत नको काढूस. रागात घेतलेले निर्णय टिकत नाहीत, असं मी त्याला समजावलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. हल्ली फार झोपतो. पाय सुजलेत.

७ डिसेंबर
मध्यंतरी बंद पडलेलं चार लिटर पाणी पुन्हा सुरू केलं. मनाची तयारी शंभर टक्के. शालूलाही सांगितलं. ती म्हणाली, मला कशाला, डॉक्टरांना सांगा. १३ तारखेला भेटून सगळं पक्कं करणार.

१४ डिसेंबर, मंगळवार
काल डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सांगितलं, आनंदाचं हृदय फार कमजोर झालंय, आता ऑपरेशन सोसणार नाही. किडनी कोणाचीही असो. डायलिसिससुद्धा झेपत नाही. शनिवारपासून तो डायलिसिसला गेलेला नाही. मी म्हटलं, पण मी आता तयार आहे. ते म्हणाले, हो. मग म्हणाले, फार तर चार-पाच दिवस.
घरी आलो तर आई आनंदाला मागेल तेवढं पाणी देत होती. बायजा पायाशी बसलेली. आज तिने विचारलं, दादा, रजा कवा घेतंस? ऑफिसात वर्षअखेरीची कामं आहेत. सोमवारपासून घेतो म्हटलं.