जवसाच्या तेलाचा वास

३ नोव्हेंबर
लागली एकदाची नोकरी! वाघोलीतच, घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. केदारचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, पाचव्या महिन्यात कोण नोकरी धरतं? मी धरते. वाशिमहून काय फ्लॅटच्या भिंती बघायला आले?
काम मजेचं आहे. टाचणीच्या डोक्यावर तीन-चार मावतील एवढ्या गांधीलमाश्या पाळायच्या. त्या दुसऱ्या किड्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. मी पतंगाची अंडी डिंकाने कार्डावर चिकटवून त्यांना द्यायची.

७ नोव्हेंबर
प्रयोगशाळेचे श्यामसुंदर सर त्यांना वास शिकवतात. अंड्यांजवळ पुदिना ठेवला, की नंतर नुसत्या पुदिन्यातही त्या अंडी शोधतात. एवढासा मेंदू, पण आठवण दिवसभर टिकते. मला चष्मा कुठे ठेवला ते तासाभरात आठवत नाही.

१३ नोव्हेंबर
आमची माश्यांची तुकडी नापास. पुदिन्याला विचारेनात, सगळ्या पेटीच्या माझ्या बाजूच्या काचेवर. सरांनी विचारलं, हाताला काय लावता?
लाज वाटली. आईने पाठवलेलं जवसाचं तेल मी रोज सकाळी पोटाला चोळते, आणि हातमोज्यांनी अंडी नीट पसरत नाहीत म्हणून उघड्या हातानेच चिकटवते. म्हणजे मीच शिकवलं त्यांना, हा वास तिथे अंडी. सर म्हणाले, वा, आता शिकवण्या तुम्हीच घ्या. तेल बंद केलं.

२१ नोव्हेंबर
ती तुकडी मेली. नवी कालच बाहेर आली, तिला कुणी काही शिकवलेलं नाही. तरी सगळ्या माझ्याच काचेवर. सर हसले नाहीत. शिकलेलं असं पुढच्या पिढीत उतरत नसतं, एवढंच म्हणाले.

२४ नोव्हेंबर
नोकरी सोडली. आज अंघोळीला बसले तर पोटावर कोंड्यासारखे कण. पुसायला गेले, ते चालू लागले. केदार म्हणतो, शेजारच्या बांधकामाची धूळ.

२५ नोव्हेंबर
खिडक्यांना चिकटपट्टी लावली. तरी येतात. बेसन, लिंबू, राख, सगळं चोळून झालं — कातडी सोलली. फार भीती वाटते. माझ्यासाठी नाही —

२७ नोव्हेंबर
सरांना फोन केला. माणसाच्या कातडीतून आत जाणं शक्यच नाही, म्हणाले. मग विचारलं, बाळ हलतंय ना?
हलतंय. सारखं. थांबतच नाही.

२८ नोव्हेंबर
दवाखान्यात, बाकावर. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा स्वतःकडे वळवला. ठोके लागत नाहीत म्हणाल्या. केदारला आत बोलावलंय.
पण हलतंय. आत्ताही — सगळीकडे —
बेंबीपाशी ओलं. बारीक भोक. आतून कुणीतरी —
एक नाही —